टीव्हीच्या स्पर्धेत मुलांना पाठवावं का? एका घरगुती प्रश्नाचा इतिहास

दोन महिन्यांपूर्वी हर्सूलला ताईकडे जेवायला गेले होते. ताटं उचलली, दाजी बाहेर शतपावलीला गेले आणि ताईने मोबाईल माझ्या पुढ्यात ठेवला. लहान मुलांच्या गाण्याच्या एका टीव्ही स्पर्धेचा फॉर्म होता. नाव, वय, दोन मिनिटांचा व्हिडिओ. माझी भाची नऊ वर्षांची आहे, गाते छान. शाळेच्या गॅदरिंगला तिचं गाणं झालं की लोक ताईला थांबवून सांगतात, "हिला टीव्हीवर पाठवा."

ताई म्हणाली, "तू पीएचडी करतीस ना? मग सांग, पाठवू का हिला?"

मी संख्याशास्त्रवाली. गाण्यातलं मला फार कळत नाही. "बघून सांगते" म्हणाले आणि ते 'बघणं' दीड महिना चाललं. या ब्लॉगवर आपण एरवी सिनॉप्सिस, पेट, गाइड असल्या गोष्टींवर बोलतो. आज हा घरगुती प्रश्न घेतेय, कारण तो सोडवताना माझ्या त्याच चुका झाल्या ज्या आपण संशोधनाचा विषय निवडताना करतो. शिवाय उत्तर खरंच द्यायचं होतं, एका नऊ वर्षांच्या पोरीच्या बाबतीत.

आधी प्रश्न फोडून बघू

"पाठवावं का?" या प्रश्नाला थेट उत्तर देता येत नाही. त्यात 'चांगलं-वाईट' लपलेलं आहे आणि ते कुठल्याच तक्त्यात सापडत नाही. पहिल्या आठवड्यात मी हीच चूक केली. बाजूने आणि विरुद्ध असे दोन रकाने केले, दोन्हीकडे मुद्दे भरले, शेवटी दोन्ही सारखेच लांब झाले. शाळेतला निबंध झाला, हाती काही लागलं नाही.

मग प्रश्न फोडला. एक, टीव्ही येण्याआधी महाराष्ट्रातली मुलं लोकांसमोर कला सादर करत होती का, आणि त्यांचं पुढे काय झालं? दोन, टीव्हीने त्यात नेमकं काय बदललं? तीन, या सगळ्यात मुलाची जबाबदारी कोणाकडे होती? हे तीनही प्रश्न इतिहासाचे आहेत आणि यांची उत्तरं शोधता येतात.

नाटक कंपनीतली पोरं

"आमच्या काळी असलं नव्हतं" हे वाक्य सगळ्यात आधी बाजूला ठेवावं लागलं. मराठी रंगभूमीचा जो काळ आपण सुवर्णकाळ म्हणतो, तो लहान पोरांच्या खांद्यावर उभा होता. स्त्रिया रंगमंचावर येत नव्हत्या, त्यामुळे नायिकेच्या कामाला कोवळ्या आवाजाची, नाजूक चेहऱ्याची मुलं लागायची. कंपन्या अशी मुलं शोधत फिरायच्या.

केशवराव भोसले हे मोठं उदाहरण. जन्म 1890. घरची गरिबी होती, आणि ज्या वयात आज आपण मुलाला बालवाडीत-पहिलीत घालतो, त्या वयात ते स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले. लहानपणीच 'शारदा'मधली शारदेची भूमिका त्यांनी गाजवली. वयाची अठरा वर्षंही पुरी झाली नव्हती तेव्हा, 1908 साली, हुबळीत त्यांनी स्वतःची 'ललितकलादर्श' ही कंपनी काढली. 1921च्या जुलैत बालगंधर्वांबरोबर त्यांनी केलेला 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग आजही आठवला जातो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, एकतिसाव्या वर्षी, ते गेले. कोल्हापुरातल्या नाट्यगृहाला त्यांचंच नाव आहे.

मास्टर दीनानाथांचीही गोष्ट याच वळणाची. 1900 साली गोव्यात मंगेशीला जन्म, किशोरवयात किर्लोस्कर कंपनीत, आणि 1918 साली स्वतःची 'बलवंत संगीत मंडळी'.

आजच्या नजरेने पाहिलं तर ही सरळ बालमजुरी. मूल घरापासून लांब, रात्रीची जागरणं, गावोगावचे मुक्काम, शाळेचं नाव नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. कंपनी त्या मुलाची मालक होती, तशीच त्याचं वसतिगृह आणि गाण्याची शाळाही होती. एखाद्या रात्री प्रयोग पडला तरी दुसऱ्या दिवशी मूल तिथेच जेवायचं, तिथेच तालमीला बसायचं. छळ होत असेल, पिळवणूक होत असेल, ते नाकारायचं कारण नाही. पण "तुझं काम संपलं, घरी जा" असं हजारो लोकांसमोर त्याला कोणी सांगत नव्हतं. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

कुमारांना मैफलींतून उचललं गेलं, ती गोष्ट

दुसरं उदाहरण सापडलं आणि माझ्या डोक्यातला प्रश्नच बदलला.

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकाळी. जन्म 8 एप्रिल 1924, बेळगाव जिल्ह्यातलं सुळेभावी. हा मुलगा अगदी लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून जशाच्या तशा गाऊन दाखवायचा. लोक थक्क व्हायचे. एका स्वामींनी त्याला 'कुमार गंधर्व' म्हटलं आणि तेच नाव पुढे कायम झालं. वडील त्याला घेऊन गावोगाव कार्यक्रम करत. आजच्या भाषेत सांगायचं तर तो त्या काळातला 'व्हायरल' मुलगा. 1930च्या दशकाच्या मध्यावर मुंबईत जिना हॉलमधल्या संगीत परिषदेत तो गायला आणि जाणकार अवाक् झाले.

इथपर्यंतची गोष्ट टीव्हीच्या कुठल्याही बालगायकाची असू शकते. पुढची मात्र वेगळी आहे. वडिलांनी त्याला मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांच्या 'स्कूल ऑफ इंडियन म्युझिक'मध्ये शिकायला ठेवलं. पंचक्रोशीत ज्याच्या नावावर गर्दी जमत होती तो मुलगा पुन्हा विद्यार्थी झाला. साधारण दहा वर्षं तो देवधरांकडे होता. 1948च्या सुमारास ते देवासला गेले, क्षयाच्या आजारपणात कित्येक वर्षं गाणं बंद राहिलं, आणि त्यानंतर जे कुमार गंधर्व लोकांसमोर आले त्यांचं गाणं कोणाच्याच तबकडीसारखं नव्हतं.

लहानपणी ते दुसऱ्यांचं गाणं हुबेहूब गात होते. मोठेपणी त्यांना स्वतःचं गाणं सापडलं. मध्ये होता तो टाळ्यांपासून लांबचा काळ, आणि मुलाला टाळ्यांतून उचलून वर्गात बसवणारी मोठी माणसं. मी 'मुलाने स्टेजवर जावं का' हे शोधत बसले होते. कुमारांची गोष्ट वाचून वाटलं की विचारायला हवं ते हे: स्टेजवरून उतरल्यावर त्याला कोण घेतं?

घराला पैसे लागतात तेव्हा, आणि लागत नाहीत तेव्हा

सगळ्यांना देवधर मिळत नाहीत. एप्रिल 1942 मध्ये दीनानाथ गेले तेव्हा लता मंगेशकर बारा वर्षांच्या होत्या. घरात आई आणि धाकटी चार भावंडं. त्याच वर्षी 'पहिली मंगळागौर' या चित्रपटात त्यांनी काम केलं. चेहऱ्याला रंग लावून कॅमेऱ्यासमोर उभं राहणं आपल्याला कधीच आवडलं नाही, असं त्यांनी नंतर अनेक मुलाखतींत सांगितलं आहे. तरी केलं, कारण घर चालवायचं होतं. ही गोष्ट आपण जिद्दीची म्हणून सांगतो आणि ती आहेच. पण बारा वर्षांच्या मुलीने घर चालवावं ही व्यवस्था चांगली होती, असं त्यातून सिद्ध होत नाही. यश आणि योग्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकाच रकान्यात लिहू नयेत.

याच्या दुसऱ्या टोकाला माधव वझे. आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'मध्ये (1953) त्यांनी श्याम केला. या चित्रपटाला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. श्यामचा चेहरा घराघरात पोचला. आणि वझे? शिकले, पुण्यात इंग्रजीचे प्राध्यापक झाले, नाट्यसमीक्षा लिहिली, नाटकं बसवली. बालपणीच्या एका भूमिकेने त्यांचं उरलेलं आयुष्य गिळलं नाही. चित्रपट संपला, मूल शाळेत परत गेलं. कोणी त्याला दर आठवड्याला दुसऱ्या मुलाशी तोलत नव्हतं.

टीव्हीने काय नवीन आणलं

मुंबई दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 ला. मुलांचे कार्यक्रम तेव्हाही होते. पण स्पर्धेचा आजचा साचा आला तो उपग्रह वाहिन्यांबरोबर. झी टीव्हीवर 'सा रे ग म' 1995 मध्ये सुरू झालं. त्याच सुमारास दूरदर्शनवर 'मेरी आवाज सुनो' होतं, ते जिंकली तेव्हा सुनिधी चौहान जेमतेम तेरा वर्षांच्या आसपास होती. 2004 मध्ये 'इंडियन आयडल' आलं आणि प्रेक्षकांच्या एसएमएसने निकाल ठरवायची पद्धत देशभर रुळली.

मराठीत हा साचा मुलांसाठी गाजला तो 2008-09 मध्ये, झी मराठीच्या 'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स'ने. तुमच्यापैकी अनेकांनी तो घरच्यांबरोबर पाहिला असेल. पल्लवी जोशी सूत्रसंचालक, अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक. शेवटच्या फेरीत पाच जण: आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, अलिबागची मुग्धा वैशंपायन, रत्नागिरीकडचा प्रथमेश लघाटे आणि आपल्या मराठवाड्यातला, लातूरचा रोहित राऊत. फेब्रुवारी 2009 मध्ये महाअंतिम सोहळा झाला आणि कार्तिकी जिंकली. मुग्धा तेव्हा नऊ वर्षांचीही नव्हती. माझ्या भाचीएवढी.

मी तेव्हा शाळेत होते. आमच्या गल्लीत रोहितसाठी मतं गोळा व्हायची, ज्याच्या मोबाईलमध्ये बॅलन्स असेल त्याला धरून आणायचे. 'आपला मुलगा' म्हणून. त्या वेळी त्यात काही वावगं वाटलं नाही. आज विचार करते तेव्हा दिसतं की आम्ही एका पोराच्या गाण्यावर आमच्या जिल्ह्याची अब्रू टांगली होती, आणि त्या पोराला ते माहीत होतं.

नाटक कंपनीपासून इथवर काय बदललं, ते मांडून बघितलं तेव्हा तीन गोष्टी दिसल्या. पहिली, बाद होणं हाच कार्यक्रमाचा भाग झाला. गंधर्व महाविद्यालयाच्या प्रारंभिक, प्रवेशिका या परीक्षा आपल्याकडची कितीतरी मुलं देतात. तिथेही मूल नापास होतं, पण निकाल घरच्यांना आणि शिक्षकांना कळतो, गावाला नाही. टीव्हीवर मुलाचा पडलेला चेहरा कॅमेरा जवळून दाखवतो, मागे संगीत वाजतं, आणि तेवढ्यासाठी लोक चॅनेल बदलत नाहीत. दुसरी, निकाल देणारे लाखो अनोळखी लोक झाले. गुरू चुका सांगतो तेव्हा त्याला त्या मुलाचं कालचं गाणंही माहीत असतं. मत देणाऱ्याला माहीत नसतं. तिसरी, स्पर्धा संपली की वाहिनीचा आणि मुलाचा संबंध कराराच्या कागदापुरता उरतो. कंपनीत मूल राहायचं, इथे ते पुढच्या पर्वाला जागा करून देतं.

फ्लेक्सवरचे फोटो

आता माझ्या विषयातली गोष्ट. लिटिल चॅम्प्सचं उदाहरण दिलं की प्रत्येक जण म्हणतो, "बघा, त्या पाचही जणांचं किती छान झालं!" ते खरं आहे. आर्याने 2017 मध्ये चित्रपटात नायिका केली. रोहित 'इंडियन आयडल'च्या अकराव्या पर्वात 2020 मध्ये उपविजेता ठरला. 2021 मध्ये हेच पाच जण त्याच कार्यक्रमात परीक्षकांच्या खुर्चीत बसले. मुग्धा आणि प्रथमेशने 2023 मध्ये लग्न केलं, तेव्हा अर्ध्या महाराष्ट्राला घरचं कार्य असल्यासारखं वाटलं.

पण आपल्या शहरातल्या कोचिंग क्लासचे फ्लेक्स आठवा. नीटला लागलेल्या पोरांचे फोटो, खाली गुण. त्या फ्लेक्सवरून क्लास चांगला आहे असं ठरवता येतं का? नाही, कारण जे लागले नाहीत त्यांचे फोटो फ्लेक्सवर नाहीत. किती जणांनी फी भरली, हा छेदच गायब आहे. संख्याशास्त्रात याला टिकलेल्यांचा पूर्वग्रह म्हणता येईल: जे टिकले तेवढेच डोळ्यांसमोर असतात आणि आपण त्यांच्यावरूनच सगळ्यांबद्दल बोलतो.

समजा, एका ऑडिशनला हजार मुलं आली. बारा टीव्हीवर दिसली, पाच शेवटपर्यंत गेली, एक जिंकलं. आपण गप्पा मारतो त्या पाचांच्या. उरलेल्या 995 मुलांचं काय झालं? कदाचित काहीच वाईट झालं नसेल. दिवसभर रांगेत उभं राहून, वडापाव खाऊन, हसत घरी गेली असतील. कदाचित काहींनी गाणं सोडलं असेल. हा तपशील कार्यक्रमाच्या पडद्यावर कधीच येत नाही. आणि मी वर जी नावं घेतली, केशवराव, दीनानाथ, कुमार, लता, तीही सगळी फ्लेक्सवरचीच. त्या कंपन्यांत आवाज फुटल्यावर मागे पडलेली किती पोरं होती, त्यांची चरित्रं कोणी लिहिली नाहीत. इतिहास लिहितानाही छेद शोधावा लागतो, हे मला इथे कळलं.

उलट बाजूलाही हीच सावधगिरी हवी. 2008 मध्ये कोलकात्याच्या एका सोळा वर्षांच्या मुलीची बातमी देशभर गाजली. बंगाली वाहिनीवरच्या नृत्यस्पर्धेत परीक्षकांनी टीका केल्यानंतर तिचं बोलणं आणि हालचाल बंद झाली, असं बातम्यांत आलं. ती घटना हादरवणारी होती. तरी एका घटनेवरून "या स्पर्धांनी मुलं आजारी पडतात" असा नियम काढता येत नाही, जसा पाच यशस्वी मुलांवरून "मुलांचं भलं होतं" असाही काढता येत नाही. दोन्ही बाजू टोकाची उदाहरणं घेऊन भांडतात आणि मधली मोठी गर्दी कोणी मोजत नाही.

कायदा कुठे होता?

मुलांच्या कामाबाबत 1938 मध्ये एक कायदा झाला होता. त्यात रेल्वे, बंदरं, विडीचे आणि काडेपेटीचे कारखाने होते. नाटक-सिनेमा नव्हता. 1986 च्या बालमजुरी कायद्यातही कलाकार मुलांचा वेगळा विचार नव्हता. गाणारं, नाचणारं मूल 'काम' करतं असं आपल्याला वाटतच नव्हतं. कौतुक वाटत होतं.

अमेरिकेत हे आधी लक्षात आलं, तेही एका पोराचं नुकसान झाल्यावर. चार्ली चॅप्लिनच्या 'द किड'मध्ये (1921) झळकलेल्या जॅकी कूगनने लहानपणी प्रचंड पैसा कमावला. मोठा झाल्यावर कळलं की तो आई आणि सावत्र वडिलांनी उडवला. 1938 मध्ये तो कोर्टात गेला आणि 1939 मध्ये कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कमाईतला काही हिस्सा राखून ठेवायचा कायदा झाला. तो आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो.

आपल्याकडे राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने 2010-11च्या सुमारास मालिका, रिअॅलिटी शो आणि जाहिरातींतल्या मुलांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. 2011 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामाला ठेवायला बंदी घालण्याचा आदेश दिला. मग 2016 मध्ये बालमजुरी कायद्यात दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला सगळीकडे बंदी, पण दोन अपवाद: घरचं काम, आणि दृक्-श्राव्य मनोरंजन, जाहिराती, खेळ यांतलं कलाकार म्हणून काम. सर्कस मात्र अपवादात नाही. आणि दोन्हीकडे अट एकच, शाळा बुडता कामा नये.

2017च्या नियमांत तपशील आला. मुलाने दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम करायचं नाही. सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, मध्ये विश्रांती हवी. सलग 27 दिवसांपेक्षा जास्त नाही. निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची. पाच मुलांमागे किमान एक जबाबदार माणूस नेमायचा. मुलाच्या इच्छेविरुद्ध काम करून घ्यायचं नाही. आणि कमाईतला किमान 20 टक्के भाग मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवायचा, तो सज्ञान झाल्यावरच मिळेल. पुढे जून 2019 मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना बजावलं की नृत्यस्पर्धांत लहान मुलांना वयाला न शोभणाऱ्या पद्धतीने दाखवू नका.

हे नियम मी ताईला वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "मग झालं की, सरकारने बघितलंय सगळं." मलाही आधी तसंच वाटलं. मग लक्षात आलं की नियम मोजतात ते तास, दिवस आणि पैसे. बाद होण्याचं काय? घरी दोन महिने एकच गाणं घोटून घेणं पाच तासांत धरायचं का? ऑडिशनच्या रांगेत सकाळपासून उभं असलेलं मूल 'कलाकार' आहे का, की अजून नाही? क्लिप वर्षानुवर्षं नेटवर फिरते आणि खाली कोणीही काहीही लिहितं, त्याची मुदत किती? संशोधनाचे प्रस्ताव शोधताय ना, हे घ्या. यातला एकेक प्रश्न कायदा, मानसशास्त्र, माध्यमशास्त्र, संख्याशास्त्र यांतल्या कोणालाही चार वर्षं पुरेल.

पण दार तेवढंच असेल तर?

इथे थांबून मी सरळ "पाठवू नका" असं लिहिणार होते. 2017 मध्ये दिग्दर्शक शूजित सरकार यांनी मुलांच्या रिअॅलिटी शोवर बंदी घालावी असं जाहीरपणे म्हटलं होतं, ते मला पटलंही होतं. मग ताईचंच एक वाक्य आठवलं. "मुंबई-पुण्याच्या पोरांना सगळं मिळतं गं. हर्सूलच्या पोरीला कोण विचारतंय?"

याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. कार्तिकी आळंदीची, रोहित लातूरचा, मुग्धा अलिबागची. टीव्हीने जिल्ह्या-तालुक्याच्या मुलांना एक दार उघडून दिलं, जे मैफलींच्या आणि ओळखीपाळखीच्या जगात सहज उघडत नव्हतं. नाटक कंपनीनेही गरीब घरच्या केशवरावांना तेच दार दिलं होतं. बंदी घातली तर ज्यांच्या घरी गाणं, पैसा आणि ओळखी आहेत त्या मुलांचं काही अडत नाही. अडतं ते बाकीच्यांचं.

पण त्या पाच जणांकडे पुन्हा बघितलं तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. आर्याची आई गायिका आणि तिची गुरू. कार्तिकीचे वडील स्वतः गाणारे, शिकवणारे. टीव्हीच्या आधीही त्यांच्याकडे गाणं होतं, नंतरही होतं. टीव्हीने प्रसिद्धी दिली, सांभाळलं ते घराने. ज्या घरात हे नाही त्या मुलाला दार उघडून मिळतं, पण पलीकडे कोणी उभं नसतं. म्हणजे ज्या मुलांना या दाराची जास्त गरज, त्यांनाच त्यात जास्त धोका. दीड महिन्याच्या वाचनातून मला मिळालेलं उत्तर हे एवढंच आहे.

ताईला काय सांगितलं

मागच्या रविवारी पुन्हा हर्सूलला गेले. सोबत एक कागद नेला. त्यावर चार प्रश्न लिहिले होते, ताईसाठी.

ती हरली तर सोमवारी तिला गाण्याला बसवणारं कोणी आहे का? जिंकली तर "आता पुरे, शिकायला चल" असं म्हणायची हिंमत तुमच्यात आहे का? करार आला तर दाजी तो पूर्ण वाचतील का, वीस टक्क्यांच्या ठेवीची पावती मागतील का? आणि तिला स्वतःला काय हवंय, हे कोणी विचारलंय का?

शेवटचा प्रश्न वाचून ताईने भाचीला हाक मारली. ती म्हणाली, तिला टीव्हीवर जायचंय, पण "बाहेर काढतात तसलं नको." नऊ वर्षांच्या पोरीने माझा दीड महिन्याचा निष्कर्ष एका दमात सांगितला.

मी माझं मत सांगितलं. आत्ता पाठवू नका. आधी एक चांगला शिक्षक शोधा, परीक्षा देऊ द्या, नवरात्रात हरसिद्धी मातेच्या देवळात गाऊ द्या, गणपतीत गाऊ द्या. स्टेजला माझी ना नाही, मुलं नेहमीच स्टेजवर होती. चारदा घाबरून, दोनदा चुकून, ओळखीच्या लोकांसमोर तिला सवय होऊ द्या. बारा-तेराची झाली आणि तेव्हाही तिला जावंसं वाटलं, तर मी स्वतः रांगेत उभी राहीन.

ताईला हे पूर्ण पटलेलं नाही. "तोवर आवाज बदलला तर?" म्हणाली. बदलू शकतो. त्याचंही उत्तर माझ्याकडे नाही. फॉर्म तिने पुसला नाही, नुसता बाजूला ठेवलाय. शिक्षकाचा शोध मात्र सुरू झालाय. टी-पॉइंटपासून फार लांब नसलेल्या एका बाईंचा पत्ता मिळाला आहे, या आठवड्यात तिघी जाऊन भेटणार आहोत.